तबकडी, चिप आणि मिसळणाचा डबा

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर लॅपटॉप दुरुस्तीच्या कुठल्याही गाळ्यासमोर तासभर उभे राहिले, तर एक संवाद हमखास दोन-तीनदा कानावर पडतो. "दादा, लॅपटॉप फार स्लो झालाय. चालू व्हायलाच पाच मिनिटं घेतो. फॉरमॅट मारून द्या ना." दादा मशीन पालथे घालतो, बारीक स्क्रू काढतो, आत डोकावतो आणि म्हणतो, "फॉरमॅट मारून चार दिवस बरं वाटेल, मग परत तेच. एसएसडी टाका." गिऱ्हाईक किंमत विचारते आणि घुटमळते. आत आहे ती हार्ड डिस्क एक टीबीची. दादा दाखवतोय ती एसएसडी २५६ जीबीची. पैसे मोजायचे आणि वर जागाही घालवायची, हा कुठला व्यवहार?

शंका रास्त आहे. वीसेक वर्षे आपल्याकडे लॅपटॉपची साठवण जीबीतच मोजली गेली. दुकानाच्या पाटीवर, जाहिरातीत, शेजाऱ्याच्या सल्ल्यात एकच आकडा असे: किती मावते. मागितलेली वस्तू किती वेळात हातात येते, हा आकडा कुठल्याच खोक्यावर छापलेला नसे. हार्ड डिस्क, एसएसडी आणि या दोहोंच्या मधली हायब्रिड यांच्यातला खरा फरक त्या न छापलेल्या आकड्यात आहे.

तबकडीचा हिशेब

हार्ड डिस्कची मूळ कल्पना १९५६ची. आयबीएमच्या 'रॅमॅक' संगणकाबरोबर आलेल्या साठवण-यंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, वजन सुमारे एक टन आणि क्षमता पन्नास लाख अक्षरांची. आजच्या मोबाइलमधला एखादा फोटो त्यात जेमतेम मावला असता. तेव्हापासून तबकड्या लहान होत गेल्या, १९८८च्या सुमारास लॅपटॉपला साजेशी अडीच इंची डिस्क आली आणि घनता कल्पनेपलीकडे वाढली. ज्या चुंबकीय परिणामामुळे अतिसूक्ष्म खुणा वाचता येऊ लागल्या, त्याच्या शोधासाठी आल्बेर फेर आणि पेटर ग्रुनबर्ग यांना २००७चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. एक गोष्ट मात्र बदलली नाही. ग्रामोफोनसारखी तबकडी फिरते, पिनेसारखा हेड तिच्यावर हव्या त्या जागी सरकतो, आणि हवी ती नोंद फिरत फिरत हेडखाली येईपर्यंत थांबावे लागते.

हे थांबणे किती? लॅपटॉपमधली नेहमीची डिस्क मिनिटाला ५,४०० फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद, आणि सरासरी अर्धा फेरा वाट पाहायची म्हटले तर साडेपाच. हेड योग्य वर्तुळावर जाण्याचे आणखी सुमारे १२. एका नोंदीसाठी साडेसतरा मिलिसेकंद हे ऐकायला काहीच नाही. पण लॅपटॉप चालू होताना विंडोज, अँटीव्हायरस, ब्राउझर असे सगळे मिळून हजारो बारक्या फायली मागतात, आणि त्या तबकडीवर विखुरलेल्या असतात. चार-चार केबीच्या दहा हजार नोंदी सुट्या सुट्या वाचायच्या झाल्या, तर मजकूर होतो जेमतेम ४० एमबी आणि वेळ लागतो तीन मिनिटांच्या आसपास. प्रत्यक्षात डिस्क मागण्यांची रांग लावून आणि शेजारच्या नोंदी एकदम उचलून यातला काही वेळ वाचवते. तरीही टास्क मॅनेजरमध्ये 'डिस्क १०० टक्के' दिसते आणि समोरचे पांढरे वर्तुळ गरगरत राहते, ते याच हिशेबामुळे. एसएसडीला अशा एका नोंदीला मिलिसेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहूनही कमी पुरतो. तेच काम सेकंदाभरात उरकते.

मात्र तीच हार्ड डिस्क दोन जीबीचा एक सलग सिनेमा सेकंदाला शंभरेक एमबी वेगाने मुकाट वाचून देते. हेडला उड्या माराव्या लागत नाहीत. डिस्क मंद असते ती विखुरलेल्या कामाला, सलग कामाला नव्हे. त्यामुळे एकाच डिस्कबद्दल दोन माणसे दोन टोकांची मते देतात आणि दोघेही खरे बोलत असतात. लग्नांचे व्हिडिओ साठवणाऱ्याची तक्रार नसते. पेजमेकर, श्रीलिपी, शेकडो फॉन्ट आणि वर्षानुवर्षांच्या हजारो लहान फायली घेऊन बसलेला डीटीपीवाला मात्र मशीन चालू करून आधी चहा पिऊन येतो.

फिरत्या यंत्राचे आणखी काही हट्ट असतात. हेड तबकडीला टेकत नाही, हवेच्या पातळ थरावर अवघे काही नॅनोमीटर उंचीवर तरंगतो. केसाची जाडी त्या अंतराच्या हजारो पट भरते. चालू लॅपटॉप टेबलावरून घसरला तर हेड तबकडीवर आपटू शकतो. म्हणूनच आयबीएमने २००३मध्ये थिंकपॅडमध्ये पडण्याची चाहूल घेणारा सेन्सर बसवला आणि धक्का बसायच्या आत हेड बाजूला घेण्याची सोय केली. उंचीचाही प्रश्न आहे. हेड तरंगायला हवा लागते, आणि लॅपटॉपच्या बहुतेक हार्ड डिस्कच्या माहितीपत्रकात चालवण्याची कमाल उंची सुमारे ३,००० मीटर दिलेली असते. कळसूबाईच्या १,६४६ मीटरवर काही अडत नाही. लेह शहरच साडेतीन हजार मीटरच्या आसपास आहे.

हजार डॉलरचे २० एमबी

न फिरणाऱ्या साठवणीचा, म्हणजे एसएसडीतल्या चिपचा, उगम जपानमध्ये सापडतो. तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी १९८०च्या दशकात फ्लॅश मेमरी घडवली. १९८४मध्ये तिचा पहिला प्रकार आणि १९८७मध्ये नँड हा आज सगळीकडे वापरला जाणारा प्रकार त्यांनी मांडला. मेमरीचा मोठा भाग कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखा एका झटक्यात पुसला जातो, यावरून एका सहकाऱ्याने तिला हे नाव सुचवले. १९८८मध्ये इलाय हरारी, जॅक युआन आणि कानपूरचे संजय मेहरोत्रा यांनी अमेरिकेत सनडिस्क कंपनी काढली. तीच पुढे सॅनडिस्क झाली. १९९१मध्ये या कंपनीने आयबीएमला २० एमबीची अडीच इंची एसएसडी पुरवली. किंमत सुमारे १,००० डॉलर.

किमतीने पुढची पंधरा वर्षे या तंत्राला लॅपटॉपपासून दूर ठेवले. जिथे तडजोड मान्य होती तिथे ते आधी शिरले. 'एका मुलामागे एक लॅपटॉप' या प्रकल्पातल्या हिरव्या-पांढऱ्या एक्सओ लॅपटॉपला हार्ड डिस्कच नव्हती, फक्त एक जीबी फ्लॅश होती. महाराष्ट्रातल्या खैरात गावच्या लहानशा शाळेतली मुले २००७मध्ये हे लॅपटॉप हाताळत होती. शहरातल्या कचेऱ्यांमध्ये तेव्हा तबकड्याच फिरत होत्या.

जानेवारी २००८मध्ये लिफाफ्यातून बाहेर काढून दाखवलेल्या पहिल्या मॅकबुक एअरमध्ये ८० जीबीची हार्ड डिस्क होती. तिच्या जागी ६४ जीबी एसएसडी हवी असेल तर सुमारे हजार डॉलर जादा मोजायचे होते. त्याच वर्षी इंटेलची ८० जीबीची एक्स-२५एम ५९५ डॉलरला आली आणि जाणकारांची मते बदलू लागली. २०१०च्या मॅकबुक एअरमधून हार्ड डिस्कचा पर्यायच गेला. २०११च्या ऑक्टोबरमध्ये थायलंडमधल्या पुरात हार्ड डिस्कचे मोठे कारखाने पाण्याखाली गेले, जगभर डिस्कच्या किमती भडकल्या आणि डिस्क व एसएसडी यांच्या किमतींमधले अंतर काही काळ तरी कमी झाले.

फ्लॅशचेही हट्ट आहेत, फक्त ते दिसत नाहीत. तिच्यावरचे लिखाण पाटीवरच्या लिखाणासारखे असते. कोपऱ्यातली एक ओळ बदलायची तर तेवढीच ओळ पुसता येत नाही, अख्खी पाटी धुवावी लागते. प्रत्येक धुण्यात पाटी किंचित झिजते. म्हणून एसएसडीतला कंट्रोलर नावाचा मुनीम सतत हिशेब ठेवतो: कुठली पाटी जास्त वापरली गेली, कुठली कोरी आहे, आणि कुठला मजकूर निवांत वेळी हलवायचा. कुठल्या फायली पुसल्या आहेत, हे त्याला कळवणारी 'ट्रिम' ही आज्ञा २००९मध्ये विंडोज ७बरोबर सर्वसामान्यांच्या संगणकात आली. ती नसताना जुन्या एसएसडी भरत आल्या की धापा टाकू लागत.

मिसळणाचा डबा

या दोन टोकांच्या मध्ये हायब्रिड आली. तिच्यामागचा विचार घरगुती होता. स्वयंपाकघरात रोज लागणारे तिखट, हळद, मोहरी मिसळणाच्या डब्यात हाताशी असते आणि वर्षाचे धान्य माळ्यावर. तसेच रोज लागणाऱ्या फायली थोड्याशा फ्लॅशमध्ये ठेवायच्या, बाकी सारे तबकडीवर. गती डब्याची, कोठार माळ्याचे, किंमत जवळजवळ साध्या डिस्कची.

पहिला प्रयत्न विंडोज व्हिस्टाच्या काळात, २००७मध्ये झाला. सीगेटच्या डिस्कमध्ये २५६ एमबी फ्लॅश होती, आणि कुठली वस्तू डब्यात ठेवायची हे विंडोजने सांगायचे होते. ते जमले नाही. मे २०१०मध्ये सीगेटने मोमेंटस एक्सटी आणली: ५०० जीबी, ७,२०० फेरे आणि दर्जेदार प्रकारची ४ जीबी फ्लॅश. या वेळी विंडोजला विचारायचे नव्हते. डिस्क स्वतःच पाहत असे की कुठले तुकडे पुन्हा पुन्हा मागितले जातात, आणि ते उचलून फ्लॅशमध्ये ठेवत असे. पहिल्यांदा लॅपटॉप चालू केला तर फरक नाही, दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला मात्र तो लक्षात येण्याइतका लवकर उठे. ज्याच्या लॅपटॉपमध्ये एकाच डिस्कला जागा होती आणि ज्याला ५०० जीबी हवेच होते, त्याच्यासाठी त्या काळी हा खरोखर शहाणा सौदा होता. २०११च्या दुसऱ्या पिढीत डिस्क ७५० जीबीची आणि फ्लॅश ८ जीबीची झाली.

मग २०१३ उजाडले. नव्या हायब्रिडमध्ये फ्लॅश ८ जीबीच राहिली, तीही कमी दर्जाच्या प्रकारची, आणि तबकडी ७,२००वरून ५,४०० फेऱ्यांवर उतरली. २०१६मध्ये फायरकुडा नावाने दोन टीबीची हायब्रिड आली, तेव्हाही डबा ८ जीबीचाच होता. दरम्यान एकट्या विंडोजचा पसाराच त्याहून मोठा झाला होता. डबा तेवढाच आणि घरात माणसे वाढलेली, असा प्रकार. नेहमीचे सोडून काही मागितले की माळ्यावर चढणे आलेच. त्यात विंडोज १०चे भलेमोठे अपडेट लिहिण्याचे काम काढत, आणि हायब्रिडची मदत मुख्यतः वाचण्यापुरती होती.

इतरांनीही हा प्रयोग आपापल्या परीने केला. ॲपलने ऑक्टोबर २०१२मध्ये १२८ जीबी एसएसडी आणि एक टीबी हार्ड डिस्क एकत्र बांधून फ्यूजन ड्राइव्ह काढला. १२८ जीबी म्हणजे डबा नव्हे, चांगले कपाटच. तो बरा चालला, पण लॅपटॉपमध्ये आला नाही, आणि २०१५मध्ये एक टीबीच्या प्रकारातली फ्लॅश ॲपलने २४ जीबीवर आणली. इंटेलने २०१७मध्ये हार्ड डिस्कच्या जोडीला १६ किंवा ३२ जीबीची ऑप्टेन मेमरी विकायला काढली आणि २०२२मध्ये ऑप्टेनचा सारा व्यवसाय गुंडाळायला घेतला.

हायब्रिडला एसएसडीच्या गतीने जितके मारले, त्याहून जास्त तिच्या उतरत्या किमतीने मारले. २५६ जीबीची अख्खी एसएसडी आवाक्यात आल्यावर ८ जीबीच्या डब्यासाठी फिरती तबकडी, तिचे वजन आणि तिची धक्क्याची भीती पत्करायला कोणी राजी होईना. भारतात एक देशी हायब्रिड मात्र खूप चालली. लॅपटॉपचा डीव्हीडी ड्राइव्ह काढायचा, त्या खाचेत कॅडी नावाची चौकट घालून जुनी हार्ड डिस्क बसवायची आणि मूळ जागी एसएसडी. विंडोज एसएसडीवर, फोटो आणि सिनेमे डिस्कवर. डबा कोणता आणि माळा कोणता हे यंत्राऐवजी मालकच ठरवतो. दोन खाचा असलेल्या जुन्या लॅपटॉपसाठी ही तोड आजही चांगली आहे.

आजचा प्रश्न: कुठली एसएसडी?

आज दुकानातल्या नव्या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्क क्वचितच दिसते. निवडीचा प्रश्न त्यामुळे संपलेला नाही, तो एक पायरी आत सरकला आहे.

जुन्या लॅपटॉपमध्ये अडीच इंची साटा एसएसडी बसते. तिचा वेग सेकंदाला साधारण ५५० एमबीवर थांबतो, कारण साटाची वाटच तेवढी रुंद आहे. नव्यांमध्ये २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब, च्युइंगगमच्या पट्टीसारखी एम.२ एसएसडी असते. तिची एनव्हीएमई ही भाषा साडेतीन हजार, सात हजार आणि त्याहूनही पुढचे आकडे गाठते. येथे दोन सापळे आहेत. एक, एम.२ हा आकार झाला, वेग नव्हे. काही एम.२ खाचा फक्त साटा जाणतात, आणि तिथे एनव्हीएमई पट्टी ओळखलीच जात नाही. दोन, रोजच्या वापरात तबकडीवरून साटा एसएसडीवर आलेल्याला नवे मशीन मिळाल्यासारखे वाटते, पण साटावरून एनव्हीएमईवर आलेल्याला मोठ्या फायली हलवेपर्यंत फरक शोधावा लागतो. मोठी उडी पहिलीच असते. रॅम चारच जीबी असेल तर उरलेला पैसा तिथे घालणे अधिक उपयोगाचे.

खरा फरक पट्टीच्या आत आहे. फ्लॅशच्या एका कप्प्यात एक बिट ठेवला तर विजेच्या दोनच पातळ्या ओळखायच्या असतात. टीएलसी प्रकारात तीन बिट म्हणजे आठ पातळ्या, क्यूएलसीत चार बिट म्हणजे सोळा. एकाच पेल्यावर सोळा खुणा आखल्या की ओतताना हात जपूनच चालवावा लागतो. स्वस्त आणि जास्त जीबीच्या एसएसडी बहुधा क्यूएलसी असतात. त्यांचा संथपणा झाकायला उत्पादक कप्प्यांचा काही भाग तात्पुरता एक-बिटी म्हणून वापरतात आणि लिखाण आधी तिथे वेगाने उतरवून घेतात.

सॅमसंगच्या ८७० क्यूव्हीओ या एक टीबी एसएसडीत असा वेगवान भाग जास्तीत जास्त ४२ जीबी आहे. तो भरला की लिहिण्याचा वेग सेकंदाला ८० एमबीवर येतो, हे कंपनीच्याच माहितीपत्रकात आहे. लग्नाचे २०० जीबी चित्रीकरण एका दमात उतरवणाऱ्या फोटोग्राफरचे पहिले ४२ जीबी झरझर जातात आणि उरलेल्या १५८ला अर्धा तास लागतो. हा वेग जुन्या हार्ड डिस्कपेक्षाही कमी आहे. कॉलेजच्या मुलाला किंवा टॅली चालवणाऱ्या हिशेबनिसाला ही भिंत बहुधा कधीच लागणार नाही. हायब्रिड बाजारातून गेली खरी, पण तिचा मिसळणाचा डबा असा एसएसडीच्या पोटात जाऊन बसला आहे.

झिजेची भीती मात्र बऱ्याच अंशी अनाठायी आहे. सॅमसंगच्याच ८७० ईव्हीओ या एक टीबी एसएसडीवर ६०० टीबी लिखाणाची हमी आहे. रोज ३० जीबी लिहिले तरी तिथवर पोहोचायला ५४ वर्षे लागतील. एसएसडी झिजून मरण्याआधी दुसऱ्याच कुठल्या कारणाने मरण्याची शक्यता जास्त. आणि ती मरते तेव्हा बहुधा आवाज करत नाही. हार्ड डिस्क अनेकदा टिकटिकते, अडखळते, बॅड सेक्टर दाखवते. एसएसडी काल चालू होती आणि आज दिसतच नाही. नोव्हेंबर २०१९मध्ये ह्युलेट पॅकार्ड एंटरप्राइजने आपल्या सर्व्हरमधल्या काही एसएसडींबद्दल इशारा दिला होता: आतल्या सॉफ्टवेअरमधल्या चुकीमुळे त्या बरोबर ३२,७६८ तास, म्हणजे ३ वर्षे २७० दिवस ८ तास चालल्यावर बंद पडणार होत्या. एकाच दिवशी बसवलेल्या सगळ्या एकाच वेळी. घरगुती लॅपटॉपच्या त्या एसएसडी नव्हत्या, पण चूक तबकडीत नव्हे तर मुनिमाच्या वहीत असली की काय होते ते त्यात दिसते. शिवाय पुसलेली फाइल हार्ड डिस्कमधून अनेकदा परत मिळवता येते. एसएसडीत ट्रिमने ती जागा एकदा साफ झाली की ती आशाही उरत नाही.

म्हणून बॅकअपसाठी तबकडीचे महत्त्व टिकून आहे. दर जीबीमागे ती स्वस्त पडते आणि विजेशिवाय कपाटात पडून राहणे तिला अधिक मानवते. झिजलेल्या घरगुती एसएसडीने वीज न देता ३० अंश तापमानात किमान एक वर्ष मजकूर सांभाळावा, अशी उद्योगाची प्रमाणके सांगतात. तापमान वाढले की ही मुदत घटते. जुने फोटो एसएसडीत भरून ती माळ्यावर टाकून देणे त्यामुळे धोक्याचे.

बाहेरची हार्ड डिस्क घेतानाही एक खुबी पाहावी लागते. अनेक पातळ अडीच इंची डिस्कमध्ये चुंबकीय पट्टे छपरावरच्या मंगलोरी कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. मधले एक कौल बदलायचे तर वरची उचलावी लागतात, त्यामुळे जुन्यावर पुन्हा लिहिणे मंदावते. २०२०मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या 'रेड' मालिकेतल्या काही डिस्कमध्ये हे तंत्र गिऱ्हाइकांना न सांगता वापरल्याचे उघड झाले, आणि कंपनीला मॉडेलांची यादी जाहीर करावी लागली. एकदा भरून ठेवण्याच्या बॅकअपला अशी डिस्क चालते. रोज त्यावरूनच काम करणाऱ्याने ती टाळावी.

किमतीचा अंदाज बांधणे मात्र अलीकडे अवघड झाले आहे. एआयच्या डेटा सेंटरची भूक वाढली आणि २०२५च्या अखेरीस मेमरी आणि फ्लॅश दोन्ही महागल्या. त्याच डिसेंबरमध्ये मायक्रॉनने क्रुशल हा आपला घरगुती ग्राहकांचा ब्रँड बंद करत असल्याचे जाहीर केले. मायक्रॉनचे प्रमुख आहेत संजय मेहरोत्रा, १९९१च्या त्या २० एमबी एसएसडीच्या कंपनीचे एक संस्थापक.

लॅमिंग्टन रोडच्या गाळ्यात एव्हाना क्लोनिंग, म्हणजे जुन्या डिस्कवरचे सारे जसेच्या तसे एसएसडीवर उतरवणे, संपलेले असते. लॅपटॉप काही सेकंदांत उठतो, गिऱ्हाईक उगाचच दोनदा बंद करून चालू करून पाहते. स्क्रीनवर २५६ऐवजी २३८ जीबी का दिसतात, असे विचारते. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १,०२४ने, असे दादा सांगतो. मग जुनी एक टीबीची डिस्क तो यूएसबीच्या केसमध्ये बसवून देतो, कानाशी धरून ती नीट फिरतेय ना हे ऐकतो, आणि वर मार्करने लिहितो: फोटो.